आधी रचना दाखवा, मग गुण सांगा

हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. त्याचा प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना दाखवणारी पद्धत) आलेख काढला की 2.04 पीपीएमपाशी (आलेखावरची जागा मोजायचं एकक) एक टोकदार शिखर दिसतं. हेपॅरिनच्या शर्करा-साखळीतल्या काही ग्लुकोसामाइनांवर (एक प्रकारची शर्करा) बसलेल्या अ‍ॅसिटिल गटाची ती खूण. त्याला लागून 2.08 पाशी छोटा उंचवटा असेल तर तो डर्मॅटन सल्फेट या त्याच कुळातल्या दुसऱ्या शर्करा-साखळीचा असतो. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून हेपॅरिन काढताना तो थोडाफार बरोबर येतोच. 2008 साली संशयित हेपॅरिनचे आलेख तज्ज्ञांसमोर आले, तेव्हा त्यांत 2.15 च्या आसपास तिसरंच एक शिखर उभं होतं. शुद्ध हेपॅरिनमध्ये त्या जागी काहीही असायला नको. ते शिखर होतं ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचं. प्राण्यांच्या कूर्चेतून स्वस्तात मिळणारं कॉन्ड्रॉइटिन घ्यायचं आणि जिथे जिथे सल्फेट बसू शकतो तिथे तिथे तो रासायनिक प्रक्रियेने बसवायचा, असा तो पदार्थ. या रूपात तो निसर्गात सापडत नाही. काही नमुन्यांत त्याचं प्रमाण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोहोचलं होतं.

जानेवारी 2008 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या एका बालरुग्णालयाने आपल्या डायलिसिसच्या रुग्णांबद्दल कळवलं, तिथून हा सगळा शोध सुरू झाला. हेपॅरिन दिल्यावर काही मिनिटांतच रक्तदाब कोसळायचा, चेहरा सुजायचा, धाप लागायची. बॅक्स्टर कंपनीने त्याच महिन्यात आपल्या कुप्या परत मागवायला सुरुवात केली आणि मार्चमध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने भेसळीचं नाव जाहीर केलं. पुढे भेसळीचा माल 11 देशांत सापडला. अमेरिकेत या औषधाशी जोडलेल्या डझनावारी मृत्यूंच्या नोंदी झाल्या. यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं सत्य वेगळंच आहे: तो माल तोवरच्या सर्व प्रमाणित चाचण्यांतून व्यवस्थित पार झाला होता.

कारण सरळ होतं. अमेरिकी फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाची अधिकृत नियमपुस्तिका) तेव्हाची मुख्य चाचणी म्हणजे मेंढीच्या प्लाझ्मामध्ये औषध घालायचं आणि रक्त गोठायला किती उशीर होतो ते पाहायचं. ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिनसुद्धा, अँटिथ्रॉम्बिनच्या (रक्त गोठणं रोखणारं, हेपॅरिन ज्याला धरून काम करतं ते रक्तातलं प्रथिन) वाटेने न जाता, रक्त गोठणं लांबवतं. म्हणजे चाचणीने जे विचारलं त्याचं उत्तर भेसळीनेही बरोबर दिलं. ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न चाचणीत नव्हताच.

माझं म्हणणं याच प्रश्नाभोवती आहे. नैसर्गिक पॉलिसॅकराइडपासून (शर्करांच्या लांब साखळीपासून) बनलेलं, रक्त गोठू न देणारं कोणतंही औषध केवळ त्याच्या गुणावरून ओळखू नये. त्याची रेणुरचना कशी तपासली, कोणत्या पद्धतींनी, त्या पद्धतींना काय दिसत नाही, हे सगळं उघड असल्याशिवाय ते रुग्णाच्या शिरेत जाता कामा नये. रचनेचं विश्लेषण हा संशोधकांच्या हौसेचा विषय मानला जातो, शोधनिबंधातला एक तक्ता म्हणून त्याकडे पाहिलं जातं. तो सार्वजनिक सुरक्षेचा विषय आहे, आणि त्यावर पैसा, माणसं व कायदा त्याच गांभीर्याने खर्ची पडला पाहिजे.

हेपॅरिनसारखं औषध ओळखणं इतकं अवघड का, हे आधी पाहायला हवं. प्रथिनाची रचना जनुकात लिहिलेली असते. जनुक वाचा, अमिनो आम्लांचा क्रम हातात येतो. हेपॅरिनच्या साखळीसाठी असा कुठलाही साचा नाही. मास्ट पेशींच्या गॉल्जी भागात आधी एक साधी साखळी विणली जाते, मग एकामागून एक विकरं (एन्झाइम) तिच्यावर काम करतात. कुणी अ‍ॅसिटिल गट काढून सल्फेट लावतं, कुणी ग्लुक्युरोनिक आम्लाचं इड्युरोनिक आम्ल करतं, कुणी दुसऱ्या, सहाव्या आणि क्वचित तिसऱ्या स्थानावर सल्फेट बसवतं. प्रत्येक विकर काही जागी काम करतं, काही जागा सोडून देतं. शेवटी हाती येतात ते असंख्य वेगवेगळे रेणू; त्यांचं वस्तुमान साधारण 3,000 पासून 30,000 डाल्टनपर्यंत पसरलेलं. कुपीतलं हेपॅरिन म्हणजे हा सगळा जमाव. त्याची ‘रचना’ सांगायची म्हणजे त्या जमावाचं नीट वर्णन करायचं.

आणि या जमावातल्या फार तर एक तृतीयांश साखळ्याच खऱ्या कामाच्या असतात. ज्यांत पाच शर्करांचा एक ठरावीक तुकडा असतो, त्याच अँटिथ्रॉम्बिनला घट्ट धरतात. त्या तुकड्याच्या मधल्या ग्लुकोसामाइनवर तिसऱ्या स्थानी एक सल्फेट असतो. तो एकटा काढून टाकला तर पकड हजारो पटींनी सैल होते. बाकी साखळी तशीच, विद्युतभारही जवळजवळ तेवढाच, आणि तरीही औषध म्हणून तो रेणू जवळपास निकामी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हा तुकडा ओळखला गेला आणि 1983 मध्ये तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला गेला. पुढे त्याच्याच धर्तीवर फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे कृत्रिम औषध आलं आणि 2001 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पाच शर्करा, एकच ठरलेला रेणू, प्राण्याचा संबंध नाही. ते बनवायला पन्नासहून अधिक रासायनिक पायऱ्या लागतात, ही त्याची किंमत. रचना कळली की किती दूर जाता येतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण फोंडापॅरिनक्सने हेपॅरिनची गरज संपली नाही. पाच शर्करांचा तुकडा रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाच्या सक्रिय रूपाला (एक्सए) रोखतो. थ्रॉम्बिनला (रक्त गोठवणारं मुख्य विकर) रोखायला मात्र अँटिथ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बिन या दोघांना एकाच वेळी धरेल अशी किमान 18 शर्करांची लांब साखळी लागते. शिवाय हेपॅरिनचा परिणाम प्रोटामिन देऊन तिथल्या तिथे उलटवता येतो, फोंडापॅरिनक्सचा येत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत, हार्ट-लंग मशीन चालू असताना, हा फरक जीवनमरणाचा असतो. म्हणून प्राण्यांच्या आतड्यातून काढलेल्या या गुंतागुंतीच्या मिश्रणावर आपण अजून अवलंबून आहोत. ते मिश्रण तपासण्याची आपली साधनं मात्र एकेकटी घेतली तर अपुरी आहेत, आणि याबद्दल उघडपणे फार कमी बोललं जातं.

सर्वांत रूढ पद्धत घ्या. हेपॅरिनेज नावाच्या विकरांनी साखळी कापून दोन-दोन शर्करांचे तुकडे करायचे, क्रोमॅटोग्राफीने ते वेगळे करायचे आणि कोणता तुकडा किती आहे ते मोजायचं. नेहमीचे आठ तुकडे मिळतात, त्यांची टक्केवारी काढून छान तक्ता होतो. पण विकर साखळी कापतं तेव्हा युरोनिक आम्लाच्या (ग्लुक्युरोनिक व इड्युरोनिक या दोन्हींचं एकत्र नाव) चौथ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. तो झाला की मुळात तिथे ग्लुक्युरोनिक आम्ल होतं की इड्युरोनिक, हे कायमचं पुसलं जातं. जो फरक हेपॅरिनला हेपॅरिन बनवतो, तोच मोजमापाच्या पहिल्या पायरीवर नाहीसा होतो. भरीला, तिसऱ्या स्थानावर सल्फेट असलेली जागा या विकरांना सहज कापता येत नाही. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा भाग नेहमीच्या आठांच्या तक्त्यात मोजलाच जात नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री संवेदनशील खरी, पण आयन करताना सल्फेट गळून पडतात आणि ते कुठे होते हे सांगायला रेणू उरत नाही. आम्लाने विघटन करायचं तर सल्फेट आधी जातात, युरोनिक आम्लाचा बंध मात्र लवकर तुटत नाही. एनएमआर साखळी न तोडता सगळं दाखवतं, पण सरासरी दाखवतं. एकेका साखळीतला क्रम त्यातून मिळत नाही. बिक्युनिन या प्रथिनावरची, या कुळातली त्यातल्या त्यात साधी साखळी क्रमवार वाचण्यात संशोधकांना यश आलं ते 2011 मध्ये.

म्हणूनच एका पद्धतीवर विसंबून चालत नाही. एकीची आंधळी बाजू दुसरीने पाहायला हवी. 2008 नंतर अमेरिकी फार्माकोपियाने हेच केलं: प्रोटॉन एनएमआर सक्तीचं केलं, क्रोमॅटोग्राफी आणली, एकूण हेक्सोसामाइनमध्ये गॅलॅक्टोसामाइन एक टक्क्याहून जास्त नको असा दंडक घातला (हेपॅरिनमध्ये ग्लुकोसामाइन असतं, गॅलॅक्टोसामाइन दिसलं की परकं कुणीतरी आहे), आणि मेंढीच्या प्लाझ्माऐवजी थ्रॉम्बिन व एक्सए घटकावरचा परिणाम थेट मोजायला सुरुवात केली. चांगलं झालं. पण हेपॅरिनवर एनएमआरचा अभ्यास 1970 च्या दशकापासून चालू होता. पद्धत होती, जाणकार होते, शुद्ध हेपॅरिनचे आलेख छापलेले होते. माणसं दगावण्याआधी ते सक्तीचं झालं नाही, कारण रक्त गोठत नाही ना, मग बास, अशी मनोवृत्ती औषध बनवणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांचीही होती. मला राग येतो तो या मनोवृत्तीचा.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 1916 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला, रक्त गोठवणारा पदार्थ शोधताना, उलट काम करणारं द्रव्य सापडलं. दोन वर्षांनी त्याचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल यांच्या कामातून हेपॅरिन हे नाव आलं. टोरांटोत चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध केलं, स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी 1935 च्या सुमारास त्यात सल्फेट भरपूर आहे हे दाखवलं, आणि त्याच दशकात ते रुग्णांना मिळू लागलं. इड्युरोनिक आम्ल त्यात आहे हे तर 1960 च्या दशकात कळलं. म्हणजे रचना माहीत नसतानाच हेपॅरिनने असंख्य जीव वाचवले. तेव्हा ‘आधी रचना’ असा हट्ट धरला असता तर?

हा आक्षेप त्या काळापुरता बरोबर आहे. तेव्हा पाहण्याची साधनंच नव्हती, आणि औषध मोजक्या प्रयोगशाळांतून, ओळखीच्या कच्च्या मालापासून बनत होतं. आज कच्चा माल कत्तलखान्यांपासून छोट्या-मोठ्या कारखान्यांतून, दलालांच्या हातून, देश ओलांडत येतो. 1990 च्या दशकात गायींमधल्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने अमेरिका आणि युरोपातून गोवंशाचं हेपॅरिन मागे घेतलं गेलं आणि सगळा भार डुकरांवर आला. जगातली निम्म्याच्या आसपास डुकरं चीनमध्ये. तिथे 2006–07 मध्ये डुकरांत निळ्या कानाच्या रोगाची साथ आली, कच्चा माल आटला, भाव चढले, आणि त्याच सुमारास भेसळ सुरू झाली. ज्या कारखान्यातून अमेरिकेला माल जात होता, त्याची मंजुरीआधी तपासणीच झाली नव्हती. नावाच्या घोटाळ्यात तो राहून गेला होता. पुरवठ्याची साखळी इतकी लांबल्यावर विश्वासाची जागा तपासणीनेच भरून निघते.

गोवंशाचं हेपॅरिन पुन्हा आणावं, म्हणजे एकाच प्राण्यावरचं अवलंबित्व कमी होईल, अशी चर्चा आता जोर धरते आहे. कल्पना चांगली आहे. पण गोवंशाच्या आतड्यातल्या हेपॅरिनमध्ये सहाव्या स्थानावरचे सल्फेट कमी असतात आणि मिलिग्रॅममागे त्याची ताकदही डुकराच्या हेपॅरिनपेक्षा बरीच कमी भरते. तेवढाच परिणाम साधायला जास्त वजनाचं औषध द्यावं लागतं, मग ते उलटवायला प्रोटामिनही जास्त. ब्राझीलमधल्या संशोधकांनी हा फरक रचनेच्या पातळीवर दाखवला आणि तिथल्या फार्माकोपियाने दोन्हींसाठी वेगळे नियम केले. ‘हेपॅरिन ते हेपॅरिन’ म्हणून दोन्ही एकाच खात्यात टाकणं हा निष्काळजीपणा ठरेल.

आता समुद्राकडे वळू, कारण पुढचा धोका मला तिथे दिसतो. तपकिरी शैवालातलं फ्युकॉइडन, लाल शैवालातली सल्फेटयुक्त गॅलॅक्टनं, समुद्रकाकडीतलं फ्युकोसिलेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट: यांतून हेपॅरिनला पर्याय मिळेल अशी आशा आहे आणि ती पोकळ नाही. पण या विषयावरचे पुष्कळ शोधनिबंध एकाच साच्यातले असतात. शैवाल गोळा केलं, गरम पाण्यात अर्क काढला, सरासरी रेणुभार दिला, कोणत्या शर्करा किती ते दिलं. इन्फ्रारेड आलेखात 1240 च्या आसपास पट्टा दाखवला, म्हणजे सल्फेट आहे. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीचा आकडा) वाढला, म्हणजे गुण आहे. निष्कर्ष: ‘आशादायक नैसर्गिक औषध’.

1240 चा पट्टा सल्फेट आहे एवढंच सांगतो. तो कोणत्या शर्करेवर, कोणत्या कार्बनवर, साखळीत कुठे कुठे, हे तो सांगत नाही. आणि सगळा गुण तिथेच दडलेला असतो. सी अर्चिन (काटेरी समुद्री प्राणी) आणि काही शैवालांत नियमित, एकसारखी पुन्हा पुन्हा येणारी सल्फेटयुक्त साखळी सापडते. ब्राझीलमध्ये पाउलो मोराँव यांच्या गटाने तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून दिसलं की केवळ ऋणभार किती यावर परिणाम ठरत नाही. शर्करा कोणती, जोड कुठे, सल्फेट कोणत्या स्थानी, यांतलं एक जरी बदललं तरी रक्त गोठण्यावरचा परिणाम येतो किंवा जातो. बाजारातलं किंवा निबंधांतलं फ्युकॉइडन बहुतेक वेळा असं नियमित नसतंच. शैवालाची जात, ऋतू, अर्क काढण्याची रीत बदलली की तेही बदलतं. मग ‘फ्युकॉइडन रक्त पातळ ठेवतं’ या वाक्याला औषधशास्त्रात काय अर्थ उरतो?

समुद्रकाकडीच्या कॉन्ड्रॉइटिनची गोष्ट तर थेट 2008 शी जोडलेली आहे. ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिनने माणसं कशी दगावली याचा छडा त्याच वर्षी लागला. रक्तातली संपर्क-प्रणाली (परक्या पृष्ठभागाशी संपर्क आला की सक्रिय होणारी प्रथिनांची साखळी) त्याने जागी होते, कॅलिक्रिन तयार होतं, त्यातून ब्रॅडिकिनिन, आणि रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. पुढे 2010 मध्ये दाखवलं गेलं की समुद्रकाकडीतलं, पूर्णपणे नैसर्गिक असलेलं फ्युकोसिलेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेटही ही प्रणाली जागी करू शकतं. साखळीचे लहान तुकडे केले तर हा दोष उतरतो, रक्त गोठू न देण्याचा गुण मात्र बराचसा टिकतो, असंही पुढच्या कामात दिसलं. म्हणजे नैसर्गिकपणाने रुग्णाचं रक्षण केलं नसतं. साखळीची लांबी आणि फांद्यांवरचे सल्फेट पाहणाऱ्या माणसाने ते केलं. एपीटीटीचा आकडा देऊन थांबणारा निबंध हा धोका पाहूच शकत नाही. नियतकालिकांच्या संपादकांनी असे निबंध परत पाठवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. द्विमितीय एनएमआर नाही, जोडांच्या जागा सिद्ध केलेल्या नाहीत, संपर्क-प्रणालीची चाचणी नाही, तर ‘औषध’ हा शब्द शीर्षकात नको. आणि अशा अर्कांच्या गोळ्या रक्ताभिसरणासाठी म्हणून विकणाऱ्यांवर तर नियामकांनी लक्ष ठेवायलाच हवं. ज्याला वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू आहे अशा माणसाने ती गोळी घेतली तर काय होईल, हे त्या बाटलीवर लिहिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पाचशे-सहाशे मेगाहर्ट्झचं एनएमआर यंत्र, द्रव हेलियम, आलेख वाचणारा अनुभवी माणूस, हे प्रत्येक उत्पादकाला आणि प्रत्येक नियामकाला परवडणार नाही. खरं आहे. म्हणून हे काम एकेकट्या कंपनीवर सोडण्याऐवजी सामायिक करायला हवं. प्रमाण नमुने, त्यांचे मूळ आलेख, प्रक्रिया न केलेला डेटा, हे सगळं कुणालाही उतरवून घेता येईल असं खुलं हवं. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी प्रादेशिक प्रयोगशाळा हव्यात.

मोठा अडथळा मात्र पैशाचा नसून मालकीचा आहे. एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनच्या साखळ्या अल्कलीने तोडून बनवलेलं, सरासरी 4,500 डाल्टनचं औषध. तोडण्याच्या या पद्धतीमुळे त्याच्या 15 ते 25 टक्के साखळ्यांच्या टोकाला 1,6-अनहायड्रो नावाचं एक खास वलय येतं. त्याची जेनेरिक आवृत्ती मूळ औषधासारखीच आहे हे कसं सिद्ध करायचं, यावर नियामकांत एकमत नव्हतं. अमेरिकी औषध प्रशासनाने 2010 मध्ये रचना, कच्चा माल, तुकड्यांचं मोजमाप आणि जैविक परिणाम यांसह पाच कसोट्यांवर पहिल्या जेनेरिकला मान्यता दिली. युरोपने ते बायोसिमिलर, म्हणजे जैविक औषधाची मिळतीजुळती आवृत्ती, मानलं. मला अमेरिकेचा मार्ग जास्त पटतो, कारण त्याने कंपन्यांना रेणूकडे पाहायला भाग पाडलं. पण त्याच पहिल्या जेनेरिकमागच्या मोमेंटा कंपनीकडे त्या टोकाच्या वलयाच्या चाचणीशी संबंधित पेटंट होतं. अ‍ॅम्फास्टार कंपनीचं जेनेरिक 2011 मध्ये मंजूर होताच मोमेंटाने खटला भरला. तुम्ही तुमचं औषध आमच्या पद्धतीने तपासता, असा तो दावा. फार्माकोपियाने त्या वलयाची चाचणी सांगितलेली, नियामकाला ते सिद्ध करून हवं, आणि तपासणं हाच पेटंटभंग! अनेक वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर 2017 मध्ये ज्यूरीने ते पेटंट अवैध ठरवलं. तोवर वकिलांवर झालेल्या खर्चात कितीतरी एनएमआर यंत्रं आली असती.

नवीन रेणू, नवीन उत्पादनपद्धत यांना पेटंट मिळावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. विकरांच्या साहाय्याने हेपॅरिनसारख्या साखळ्या प्रयोगशाळेत घडवण्याचं जे काम चालू आहे, त्याला संरक्षण आणि पैसा दोन्ही मिळायला हवेत. प्राण्यांवरचं अवलंबित्व त्यानेच सुटेल. पण औषध ओळखण्याची जी रीत फार्माकोपियात जाते, ती त्या क्षणापासून सर्वांची असली पाहिजे. रीत सुचवणाऱ्याने तिच्यावरचे हक्क लेखी सोडून दिल्याशिवाय ती छापली जाऊ नये, आणि तिच्यासोबत प्रमाण नमुन्याचा पूर्ण आलेख, 2.04 च्या शिखरापासून शेवटच्या उंचवट्यापर्यंत, सगळ्यांसाठी खुला ठेवावा.